पाणबुडीच्या पोटातले विमान

कौंडण्यपूरला वर्धेच्या पात्रातला डोंगा पाहिलेल्या आपल्या माणसाला समुद्र तसा दूरचाच. त्यात पाणबुडीच्या पोटात विमान असते असे कोणी सांगितले तर आपण ती थट्टाच समजू. पण अशी विमाने होती. आणि ती बाळगण्यासाठी बांधलेल्या एका पाणबुडीतून हैदराबादचे आबिद हसन यांनी नेताजींबरोबर प्रवास केला आहे.

मूळ अडचण नजरेची. पाणबुडी वर आली तरी पाण्यापासून तिची उंची ती किती! क्षितिजापलीकडचे जहाज तिला दिसत नाही. सोबत लहानसे विमान न्यावे ही कल्पना जर्मनांनी १९१५ मध्येच अजमावली होती. इंग्रजांनी ‘एम-२’ पाणबुडीवर विमानासाठी बंद कोठी बांधली. २६ जानेवारी १९३२ रोजी ती पोर्टलंडजवळ बुडाली, साठही माणसे गेली. गोताखोरांना कोठीचे दार उघडे आढळले.

जपानने मात्र हा नाद सोडला नाही. त्यांचे ‘ई-१४-वाय’ हे विमान दोन माणसांचे, पंखांचा विस्तार अवघा ११ मीटर, वेग ताशी सुमारे २४६ किलोमीटर. पंख व तरंगे सुटे करून ते कोठीत ठेवीत. उडवायचे तेव्हा बाहेर काढून जोडायचे आणि रुळावरून जोराने फेकायचे. परतल्यावर ते पाण्यावर उतरे व यारीने उचलून घेत. या सगळ्या वेळात पाणबुडीला बुडी मारता येत नसे, हा खरा जिवावरचा खेळ.

२३ मे १९४२ रोजी ‘आय-२९’ या पाणबुडीच्या विमानाने सिडनी बंदराची टेहळणी केली. काही दिवसांनी ‘आय-२१’ च्या विमानाने पुन्हा पाहणी केली. परत उतरताना ते उलटले. ३१ मेच्या रात्री तीन छोट्या पाणबुड्या बंदरात शिरल्या, आणि ‘कट्टाबुल’ या जहाजावरचे २१ खलाशी मेले. विमानाने एक गोळीही झाडली नव्हती; त्याने नुसते पाहिले होते.

तीच ‘आय-२९’ पुढे हिंदी महासागरात आली. आबिद हसन हे इंजिनिअरिंग शिकण्यासाठी जर्मनीला गेलेले. (आपला वऱ्हाडही तेव्हा नावापुरता निजामाचाच, म्हणून ते आपल्याला फारसे परके नव्हेत.) शिक्षण बाजूला ठेवून ते नेताजींचे सहकारी झाले. फेब्रुवारी १९४३ मध्ये दोघे जर्मन ‘यू-१८०’ मधून निघाले. त्या कोंदट जागेत नेताजी मजकूर सांगत व हे लिहून घेत. २८ एप्रिलला मादागास्करच्या आग्नेयेस, खवळलेल्या समुद्रात, दोघे रबरी नावेतून भिजत ‘आय-२९’ वर पोहोचले. मे महिन्यात ती त्यांना घेऊन सुमात्राजवळच्या साबांगला लागली.

२६ जुलै १९४४ रोजी ‘सॉफिश’ या अमेरिकन पाणबुडीने ‘आय-२९’ बुडवली. आबिद हसन पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले व १९८४ मध्ये वारले.