संततिनियमन ठराव, मुंबई विधानसभा (१९३८)

मुंबई प्रांताच्या विधानसभेत १० नोव्हेंबर १९३८ रोजी मांडला गेलेला बिनसरकारी ठराव. कुटुंबाचा आकार मर्यादित ठेवणे निकडीचे असल्याने सरकारने सर्वसामान्य जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी पुरवाव्यात, अशी शिफारस त्यात होती. स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य पी. जे. रोहम (अहमदनगर दक्षिण) यांनी तो मांडला. त्यांच्या भाषणाचा मसुदा पक्षाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा. त्या दिवशी ते सभागृहात नव्हते. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी फेटाळला गेला.

पार्श्वभूमी : महाराष्ट्रात या विषयाला वाचा फोडली ती र. धों. कर्वे यांनी. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या कार्यापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून निघणाऱ्या त्यांच्या समाजस्वास्थ्य मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. त्यांपैकी १९३४ च्या खटल्यात आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते. १९३८ च्या ठरावाकडे या खटल्यापासून तोडून पाहता येत नाही. म्हैसूर संस्थानाने १९३० मध्येच सरकारी दवाखान्यांतून संततिनियमनाचा सल्ला देण्याचा निर्णय घेतला होता. ब्रिटिश मुलखात मात्र सरकार या वादापासून बहुतांशी दूर राहिले. महात्मा गांधींचा कृत्रिम साधनांना विरोध होता. ब्रह्मचर्य हाच मार्ग, असे त्यांचे मत होते. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतील संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या, तरी ते बदलले नाही. १९३७ च्या निवडणुकीनंतर प्रांतात बा. गं. खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. गांधींच्या भूमिकेचा सभागृहातील मतदानावर नेमका किती परिणाम झाला, याविषयी मतभेद संभवतात.

भाषण : रोहम यांनी केलेल्या भाषणात वाढती लोकसंख्या आणि दारिद्र्य यांचा संबंध मांडलेला आहे. हा युक्तिवाद त्या काळी अनेक जण करीत. या भाषणाचे खरे मोल दुसऱ्या युक्तिवादात आहे. बाळंतपणाच्या वेदना पुरुषांच्या वाट्याला आल्या असत्या, तर एकाहून अधिक अपत्याला कोणीही राजी झाला नसता, असे त्यात म्हटले आहे. कोणत्याही कारणाने स्त्रीला मूल नको असेल, तर गर्भधारणा टाळणे तिला शक्य झाले पाहिजे आणि मूल होऊ द्यायचे की नाही हे सर्वस्वी तिच्या इच्छेवर असावे, असा आग्रह पुढे धरला आहे. तिने कारण पटवून द्यावे, अशी अट कोठेही नाही. नवऱ्याच्या संमतीचीही नाही. भारतातील एखाद्या कायदेमंडळात इतक्या निःसंदिग्ध शब्दांत हा हक्क मागितला जाणे, ही असामान्य घटना होय. सोयी सरकारने पुरवाव्यात, ही मागणीही तितकीच महत्त्वाची. कारण पैसेवाल्यांना साधने विकत घेता येत होती, चाळीतल्या आणि खेड्यातल्या बाईला ती मिळण्याचा मार्ग नव्हता. भाषणाचा इंग्रजी पाठ महाराष्ट्र शासनाच्या आंबेडकर ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात आहे.

मतदान : १७५ सदस्यांच्या सभागृहात ६३ जणांनी मत दिले.

नंतरचा काळ : १९४० मध्ये पी. एन. सप्रू यांनी केंद्रीय कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये संततिनियमन केंद्रांविषयी ठराव आणला. १९४९ मध्ये मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघटना स्थापन झाली, त्यात धन्वंती रामा राव अग्रणी होत्या. पहिल्या पंचवार्षिक योजनेत, १९५२ पासून, सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम आला. साधने उपलब्ध करून देण्याची १९३८ ची मागणी अशा रीतीने मान्य झाली, पण लोकसंख्येचा युक्तिवाद पुढे राहिला आणि स्त्रीच्या इच्छेचा मागे पडला. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही.