जुने दगडी घर विकायचे आहे? तपासणीआधी ही तयारी करा

नळदुर्ग (ता. तुळजापूर, जि. धाराशिव) आणि आसपासच्या गावांत दगड-मातीच्या भिंती आणि माळवद असलेली जुनी घरे आजही आढळतात. असे घर विकायचे ठरले की आधी रंगरंगोटी केली जाते. पण तपासणीत रंगापेक्षा भिंत आणि छत महत्त्वाचे ठरतात.

तपासणी कोण करते?
जुने घर विकताना तांत्रिक तपासणीची कायद्याने सक्ती नाही. मात्र खरेदीदार कर्ज घेणार असेल, तर बँक मूल्यांकनकार आणि वकील नेमते. काही खरेदीदार स्वतःचा स्थापत्य अभियंताही आणतात.

या भागात काय पाहिले जाते?
30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दगड-मातीची घरे मोठ्या प्रमाणावर कोसळली. जाड भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नव्हते आणि डोक्यावर मातीचा प्रचंड भार होता. म्हणून पुढील गोष्टी आधी स्वतः तपासा:

- भिंत: पोट सुटले आहे का? कोपऱ्यात उभ्या भेगा आहेत का? भिंतीच्या पूर्ण जाडीचे आरपार दगड बसवले आहेत का?
- माळवद: गळती थांबवण्यासाठी दरवर्षी माती टाकल्याने थर वाढत जातो. 10 बाय 10 फुटांच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे सुमारे साडेचार टन वजन. जादा माती अभियंत्याच्या सल्ल्यानेच उतरवा.
- लाकूड: तुळया आणि खांबांचे बुंधे टोचून पाहा. वाळवी, कूज तिथे आधी लागते.
- पाणी: पन्हाळी मोकळ्या करा. पाणी पायाशी साचू देऊ नका.
- वीज: जुन्या, उघड्या तारा बदला.

दोष झाकू नका
मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 नुसार, विक्रेत्याला माहीत असलेला पण खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. भेगेवर गिलावा करून रंग दिला, तर पुढे फसवणुकीचा वाद उभा राहू शकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या छताखाली उद्या दुसरे कुटुंब झोपणार आहे. दुरुस्ती परवडत नसेल, तर दोष लेखी सांगा आणि किंमत त्यानुसार ठरवा.

कागदपत्रे
खरेदीखत, सिटी सर्व्हे झाला असल्यास मालमत्ता पत्रक, नगरपरिषदेचा आकारणी उतारा, कराची पावती आणि वीजबिल एकत्र ठेवा. घर वडिलोपार्जित असेल, तर वारसनोंद आणि सर्व हिस्सेदारांची संमती आधी पूर्ण करा. दुरुस्ती केली असेल, तर कामाआधीचे आणि नंतरचे फोटो व बिले जपून ठेवा. भिंतीच्या आत काय काम झाले, हे दाखवायला तोच पुरावा उरतो.