फॅक्सचं पान कोणाच्या मालकीचं?

आमच्या पिढीच्या वार्ताहरांनी हाताने लिहिलेल्या बातम्या फॅक्सने धाडल्या आहेत. फॅक्सला फॉन्ट लागत नाही. कागदाचं चित्रच जातं, म्हणून देवनागरी बिनबोभाट पोचायची.

१९९०च्या दशकाच्या शेवटी हाच फॅक्स ईमेलमधून न्यायचं ठरलं. मग प्रश्न आला, पान कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवायचं? इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने टिफ निवडला. तो मूळचा आल्डस कंपनीचा. १९९४मध्ये अडोबीने आल्डस घेतली, त्याबरोबर टिफही गेला. म्हणजे घर सगळ्यांचं, सातबारा मात्र एका कंपनीच्या नावावर!

हा धोका कागदोपत्री नव्हता. १९९४च्या डिसेंबरात जिफ वापरणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना कळलं, की त्यातल्या एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशनच्या पेटंटसाठी युनिसिसकडून परवाना घ्यावा लागणार. वर्षानुवर्षं फुकट समजून वापरलेली वस्तू! आणि हेच एलझेडडब्ल्यू टिफमध्येही चालायचं.

मार्च १९९८मध्ये आरएफसी २३०१ आलं. त्यातली वाट मला पटते. टिफ सगळा उचललाच नाही. सक्ती फक्त ‘एस’ प्रोफाइलची: काळं-पांढरं पान आणि १९८०पासून फॅक्स मशीनमध्ये रुळलेलं मॉडिफाइड हफमन कॉम्प्रेशन. एलझेडडब्ल्यू कुठल्याच प्रोफाइलमध्ये नाही. जेबिगवर पेटंटं होती. ते घेतलं, पण ऐच्छिक. ज्याला परवान्याची कटकट नको, तो छोटा सॉफ्टवेअरवालाही ‘एस’वर फॅक्स पाठवू शकत होता.

२००५मध्ये आरएफसी ३९४९ने जुन्याची जागा घेतली. ‘एस’ मात्र तसाच राहिला.