‘जातरूप’ : नैसर्गिक सोन्याची कौटिलीय परीक्षा

अमरकोशांत ‘जातरूप’ हा शब्द सोन्याच्या पर्यायांत पडला आहे. त्यामुळें पोथी वाचतांना तो आपण सोनें या सामान्य अर्थानेंच घेतों. इ. स. १९०९ त शामशास्त्री यांनीं म्हैसूर येथें प्रसिद्ध केलेलें कौटिलीय अर्थशास्त्र पाहतां हा समज सोडावा लागतो. दुसऱ्या अधिकरणाच्या तेराव्या अध्यायांत जातरूप, रसविद्ध व आकरोद्गत असे तीन प्रकार निरनिराळे सांगितले आहेत. जातरूप तें जन्मतःच सोन्याच्या रूपाचें. रसानें वेधून केलेलें नव्हे. येथें नकलकारानें ‘सुवर्ण’ लिहिलें तर हा भेदच बुडेल.

उत्तम सोनें कमलकेसराच्या रंगाचें, मऊ, स्निग्ध, निःशब्द व तेजस्वी असावें असें ग्रंथकार म्हणतो. यांतील निःशब्दतेचें लक्षण मार्मिक आहे. निर्भेळ सोनें इतकें मऊ कीं त्यास खणखणाट नाहीं. फिक्कट व पांढुरक्या सोन्यास तो ‘अप्राप्तक’ म्हणतो आणि चौपट शिसें घालून शोधावयास सांगतो. येथें मात्र थांबलें पाहिजे. नैसर्गिक सोन्यांत रुपें बहुधा असतेंच, व फिकेपणा पुष्कळदां त्याचाच. शिशानें तांबें निघून जातें. रुपें सोन्याबरोबर मागें राहतें. तेव्हां असलें सोनें शोधूनही फिकेंच राहणार, आणि त्यास कोणी मुद्दाम भेसळ केली असें म्हणणें अन्यायाचें होईल.

फिकेपणाचें आणखी एक कारण त्याच अध्यायांत आहे : हिंगूळ किंवा गोमूत्रांत भिजविलेला हिराकस बोटांच्या अग्रास लावून सोन्यास स्पर्श केला कीं तें पांढरें पडतें. घेणाऱ्यानें विकणाऱ्याचें सोनें हलकें ठरविण्याची ही युक्ति असावी असें आम्हांस वाटतें.