इनामगाव येथील घरांची पुनर्रचना

इनामगाव येथील घरांची पुनर्रचना : पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे उत्खननात उघडकीस आलेल्या ताम्रपाषाणयुगीन घरांचे मूळ बाह्यरूप उपलब्ध पुराव्यांवरून निश्चित करण्याची प्रक्रिया. भिंती व छप्पर नष्ट होऊन केवळ जमीन, खांबांचे खळगे आणि मातीच्या भिंतींचे पायाकडील भाग उरलेले असताना घर बाहेरून कसे दिसत असावे, हे ठरविणे हा या प्रक्रियेचा मुख्य प्रश्न होय.

इनामगाव हे पुण्याच्या पूर्वेस भीमेची उपनदी घोड हिच्या उजव्या तीरावर वसले आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्थेने ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी व म. के. ढवळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९६८ ते १९८३ या काळात येथे विस्तृत उत्खनन केले. त्याचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी दख्खनमधील बहुतेक ताम्रपाषाणयुगीन स्थळी लहान खड्डे घेऊन स्तरांचा क्रम लावण्यावर भर होता. इनामगावला मात्र विस्तीर्ण क्षेत्र आडवे उघडण्यात आले. त्यामुळे सुटे अवशेष न मिळता घरे, त्यांमधील बोळ, अंगणे, चुली व धान्यसाठ्याच्या जागा यांसह वस्तीचा आराखडाच समोर आला. एकूण १३० हून अधिक घरांचे अवशेष येथे मिळाले.

वस्तीचे तीन कालखंड मानतात : माळवा (इ. स. पू. सु. १६००–१४००), पूर्व जोर्वे (इ. स. पू. सु. १४००–१०००) आणि उत्तर जोर्वे (इ. स. पू. सु. १०००–७००). माळवा काळातील घरे प्रशस्त व आयताकार असून त्यांत बहुधा मधे आडभिंत असे. काही खड्ड्यांतील निवासही याच काळातील आहेत. पूर्व जोर्वे काळातही घरे आयताकारच होती. ती साधारणपणे ओळींत बांधलेली असून दोन घरांमध्ये जाण्यायेण्यापुरती मोकळी जागा सोडलेली आढळते. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर व त्याच्यालगत धान्याचे कोठार होते. या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात पुरलेला एक प्रौढ पुरुष आढळला. या सर्वांवरून ते वस्तीच्या प्रमुखाचे घर असावे, असे उत्खननकारांनी मानले. कुंभार, सोनार, मणी घडविणारे इ. कारागिरांची घरे वस्तीच्या कडेला होती. उत्तर जोर्वे काळात मात्र आयताकार घरांची जागा प्रामुख्याने लहान, गोल झोपड्यांनी घेतली. अशा तीन-चार झोपड्यांचा समूह एका कुटुंबाचा असावा व त्यांचे अंगण सामाईक असावे, असे दिसते.

पुराव्याचे स्वरूप : लाकूड, बांबू, गवत आणि न भाजलेली माती हे या घरांचे बांधकामसाहित्य होते. यांपैकी लाकूड व गवत दख्खनच्या काळ्या जमिनीत कुजून जाते. मात्र खांब जेथे रोवला होता तेथील माती भोवतालच्या मातीहून वेगळ्या रंगाची व भुसभुशीत राहते. अशा खळग्यांची जागा, व्यास, खोली व कल यांवरून खांबांची मांडणी कळते. ठेंगण्या मातीच्या भिंतींवरून घराचा आकार व दाराची जागा निश्चित होते. भिंतीचा वरचा भाग कुडाचा, म्हणजे बांबू वा काटक्या विणून त्यांवर चिखल लिंपलेला असे. घर आगीत सापडले असल्यास लिंपणाचे गोळे भाजून टिकतात आणि त्यांवर उमटलेल्या बांबूच्या ठशांवरून कुडाची वीण व जाडी समजते. एका अर्थी घराचा नाशच त्याच्या भिंतीचे स्वरूप जपून ठेवतो. चोपून, सारवून केलेली जमीन जेथे संपते ती घराची आतली हद्द. तिच्या पलीकडे शेकोटीचे खड्डे, राख व कचरा आढळल्यास ते अंगण समजावे लागते. कणगीसाठी केलेले मातीचे गोल ओटे आणि रांजणांखाली ठेवलेले चपटे दगड यांवरून छपराखालील जागेचा वापर ध्यानात येतो.

छपराचा प्रश्न : बाह्यरूपाचा सर्वांत मोठा भाग छपराचा असतो आणि नेमका त्याचाच प्रत्यक्ष पुरावा सर्वांत कमी असतो. येथे बांधकामाचे तर्कशास्त्र उपयोगी पडते. गवताने शाकारलेल्या छपराला पुरेसा उतार नसेल, तर पाणी मुरून ते कुजते व गळते. मातीची भिंत पावसाने विरघळते. म्हणून वळचण भिंतीच्या बरीच पुढे यावी लागते. या गरजांमुळे आयताकार घराला मध्ये आढे असलेले दोन पाख्यांचे उतरते छप्पर आणि गोल झोपडीला शंकूच्या आकाराचे छप्पर सुचविण्यात आले. भिंती ठेंगण्या व वळचण खाली आलेली असल्याने घर बाहेरून पाहणाऱ्यास भिंतींपेक्षा छप्परच अधिक दिसत असावे. तथापि आढ्याची नेमकी उंची, दारांची कवाडे, भिंतींवरील रंग वा नक्षी यांविषयी खळगे काहीही सांगत नाहीत. पुनर्रचनेच्या चित्रात या गोष्टी दाखविल्या असतील, तर त्या चित्रकाराने घातलेल्या असतात, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

वर्तमानाशी तुलना : ही उणीव भरून काढण्यासाठी ढवळीकरांनी परिसरातील विद्यमान घरांचा अभ्यास केला. कुडाच्या भिंती, शेणाचे सारवण, कणग्या, अंगणातील चूल ही वैशिष्ट्ये घोड-भीमेच्या खोऱ्यातील खेड्यांत विसाव्या शतकातही होती. उत्तर जोर्वे काळातील गोल झोपड्यांची तुलना त्यांनी पारध्यांच्या झोपड्यांशी केली. हाती असलेले साहित्य तेच, हवामान बहुतांशी तेच आणि गरजाही त्याच असल्याने बांधणीच्या तंत्रापुरती अशी तुलना बरीच उपयुक्त ठरते.

परंतु तिला मर्यादाही आहेत. पारधी समाज हा प्राचीन काळाचा शिल्लक राहिलेला अंश नव्हे. त्यालाही स्वतःचा इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्या जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का बसला, त्यांत पारध्यांचाही समावेश होता. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. गावाबाहेर, क्षणात मोडता येईल अशी झोपडी बांधणे यामागे परंपरेइतकीच ही सक्तीची अस्थिरताही असू शकते. म्हणून झोपडी कशी उभारतात, हे तिच्यावरून शिकता येते. ती का उभारली, याचे उत्तर मात्र तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीला तसेच लावता येत नाही.

हा मुद्दा इनामगावच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. आयताकार घरे जाऊन गोल झोपड्या आल्या, हे उत्तर जोर्वे काळातील अवनतीचे चिन्ह मानण्यात आले. इ. स. पू. सु. १००० नंतर हवामान शुष्क झाले, शेती खालावली, लोक मेंढ्या-बकऱ्या व शिकार यांवर अधिक अवलंबून राहून अर्धभटके बनले, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. मृद्भांडी व प्राण्यांची हाडे यांचा पुरावा त्यास जोड देतो. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बालकांच्या अस्थींच्या अभ्यासात खालावलेल्या वाढीची नोंद केली. मात्र हवामानबदल हेच त्याचे कारण मानण्यास त्यांनी आक्षेप घेतला. गोल घर म्हणजे दरिद्री घर, हे समीकरण स्वयंसिद्ध नाही, कारण जगात अनेक समृद्ध शेतकरी समाज गोल घरांत राहिले आहेत. घराच्या आकारातील बदल हा इतर पुराव्यांसह वाचल्यासच त्याला अर्थ येतो.

प्रयोग व तत्त्वे : पुनर्रचनेची सत्यता तपासण्याचा एक मार्ग म्हणजे घर प्रत्यक्ष बांधून पाहणे. डेन्मार्कमध्ये लायर येथे १९६४ पासून व इंग्लंडमध्ये बुट्‌सर येथे १९७२ पासून असे प्रयोग झाले. बुट्‌सर येथे पीटर रेनल्ड्‌झ यांना असे आढळले, की शंक्वाकार छपराच्या शेंड्याला धूर जाण्यासाठी भोक ठेवण्याची गरज नसते. उलट त्यामुळे हवा खेचली जाऊन ठिणग्या छपराला लागण्याचा धोका असतो. धूर गवतातून झिरपून बाहेर जातो. जुन्या चित्रांत सर्रास दाखविलेले धुराचे भोक अशा प्रकारे संशयास्पद ठरले.

मूळ जागेवर पुन्हा उभारणी करणे ही मात्र वेगळी बाब आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार तर्काला जेथे आरंभ होतो, तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. उत्खनित अवशेषांच्या बाबतीत नवी उभारणी तिला मान्य नसून, विखुरलेले मूळ भाग पुन्हा जोडण्यापुरतीच मुभा आहे. दगडी मंदिराचे निखळलेले चिरे परत बसविता येतात; मातीच्या घराचे असे काहीच उरत नाही. शिवाय उघडी पडलेली मातीची जमीन पाऊस व ऊन यांत फार काळ तग धरत नाही. त्यामुळे इनामगावच्या घरांचे जतन हे मुख्यतः मोजमापे, आराखडे, छायाचित्रे व नोंदी यांच्या रूपानेच होऊ शकते. पुनर्रचनेचे प्रत्येक चित्र हे या नोंदींचे एक वाचन असते. नवा पुरावा वा नवा प्रयोग पुढे आल्यास छप्पर बदलता येते. खांबाच्या खळग्याची नोंद मात्र एकदाच घेता येते आणि ती चुकल्यास ते घर कायमचे नाहीसे होते.