कॉर्नवॉलची उघडी वही

आपल्या विहिरीवर इंजिन किंवा विजेची मोटर असेल, तर तिचा महिन्याचा खर्च आपल्याला तोंडपाठ असतो. पण शेजारच्या मळ्यातले यंत्र तेवढ्याच खर्चात आपल्यापेक्षा जास्त पाणी उपसते की कमी, हे सांगता येईल काय? बहुधा नाही. शेजारी सांगत नाही आणि आपण विचारीत नाही. दोनशे वर्षांपूर्वी काही खाणवाल्यांनी नेमकी हीच गोष्ट दर महिन्याला छापून काढायला सुरुवात केली, आणि त्यातून वाफेच्या इंजिनाचे रूप पालटले. ती हकिगत ऐकण्यासारखी आहे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला कॉर्नवॉल नावाचा प्रदेश आहे. तिथे तांब्याच्या आणि कथलाच्या खाणी होत्या. खाण जितकी खोल जाई तितके पाणी जास्त लागे. पाणी उपसायचे थांबले की खाण बुडालीच म्हणून समजा. उपशासाठी वाफेची इंजिने होती. पण त्यांना लागणारा कोळसा कॉर्नवॉलमध्ये नव्हता. तो वेल्समधून जहाजाने आणावा लागे. म्हणजे थोडक्या कोळशात पुष्कळ पाणी काढणे हा तिथे खाणीच्या जीवनमरणाचा प्रश्न होता.

अशा वेळी जेम्स वॉटचे इंजिन आले. वाफ थंड करण्यासाठी वेगळे भांडे जोडण्याची युक्ती त्याने काढली आणि १७६९ मध्ये तिचे पेटंट घेतले. १७७५ मध्ये पार्लमेंटने कायदा करून त्या हक्काची मुदत १८०० पर्यंत वाढवली. वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यांचा सौदा असा, की जुन्या इंजिनाच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा आम्हाला द्या. प्रथम खाणवाल्यांना हे परवडले. पुढे वर्षानुवर्षे पैसे मोजणे जड वाटू लागले. शिवाय स्थानिक कारागिरांची कुचंबणा झाली. जोनाथन हॉर्नब्लोअरने १७८१ मध्ये दोन सिलिंडरांच्या इंजिनाचे पेटंट घेतले. परंतु वॉटच्या हक्कापुढे त्याला ते पुढे नेता आले नाही. वॉटची बाजूही लक्षात घ्यायला हवी. त्याने वर्षे घातली, बोल्टनने पैसा घातला. हक्काचे संरक्षण नसते तर ते इंजिन पुरे झाले असते की नाही कोण जाणे.

१८०० साली मुदत संपली. आता प्रगतीला वाट मोकळी झाली, असे आपल्याला वाटेल. झाले उलटेच! बोल्टन आणि वॉट यांची माणसे निघून गेली, देखभाल ढिली पडली, आणि इंजिनांची कामगिरी खालावली. जो तो आपल्या खाणीत आपल्या मतीने इंजिन हाकीत होता. बंधन सुटले म्हणून ज्ञान आपोआप वाढत नाही, हे इथे दिसते.

मग १८११ मध्ये काही खाणींचे व्यवस्थापक एकत्र आले. जोएल लीन नावाच्या अनुभवी माणसाकडे त्यांनी काम सोपवले : इंजिने तपासायची आणि दर महिन्याला अहवाल छापायचा. त्यात खाणीचे नाव, इंजिनिअरचे नाव, सिलिंडरचा व्यास, जळलेला कोळसा, उपसलेले पाणी, सारे काही असे. माप सगळ्यांना एकच. ९४ पौंड कोळशात किती पौंड पाणी एक फूट वर चढले? लीन पुढच्याच वर्षी वारला. पण त्याच्या मुलांनी काम चालू ठेवले.

पहिल्या अहवालांत सरासरी सुमारे १ कोटी ७० लाख पौंड निघाली. १८१२ मध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिकने व्हील प्रॉस्पर खाणीवर नवे इंजिन बसवले. त्यात जास्त दाबाची वाफ थोडीच आत सोडायची आणि बाकीचे काम तिच्या फुगण्यावर सोपवायचे, अशी रीत होती. या इंजिनाचे पेटंट त्याने घेतलेच नाही. पुढे सॅम्युएल ग्रोजने सिलिंडरला आणि नळ्यांना उष्णता राखणारी आवरणे घातली; भाकरी ऊन राहावी म्हणून आपण ती फडक्यात गुंडाळतो, तसेच. एकाने केले की दुसरा महिन्याभरात आकडा वाचत असे आणि स्वतः जाऊन पाहत असे. १८४० च्या सुमारास सरासरी ५ कोटींच्या पुढे गेली होती. १८३५ मध्ये फोई कन्सोल्स खाणीवरील एका इंजिनाने चाचणीत १२ कोटी ५० लाखांचा आकडा गाठला.

आता कोणी विचारील, हे खाणवाले एवढे उदार कसे? उदारपणाचा प्रश्न नव्हताच. एकाच माणसाचे भाग अनेक खाणींत असत; एका खाणीचा शहाणपणा दुसरीत गेला तर त्याचा फायदाच. शेजाऱ्याचा कोळसा वाचला म्हणून आपल्या तांब्याचा भाव पडत नसे. इंजिनिअर एकाच वेळी अनेक खाणींचे काम पाहत. छापलेला मोठा आकडा म्हणजे त्यांची जाहिरातच. हितसंबंध असे एकमेकांत विणलेले होते, म्हणून वही उघडी राहिली. लँकेशायरच्या कापडगिरण्यांना कोळसा जवळ आणि स्वस्त होता, मालक एकाच बाजारात एकमेकांचे स्पर्धक. जास्त दाबाच्या वाफेची रीत तिथे रुळायला १८४० चे दशक उजाडले.

वहीलाही मर्यादा होत्या. चढाओढ वाढली तशी आकड्यांवरून भांडणे झाली. परदेशी तांबे स्वस्तात येऊ लागले तेव्हा १८६० नंतर खाणी एकामागून एक बंद पडल्या. अहवाल १९०४ पर्यंत कसाबसा चालला. आकड्यांनी कोळसा वाचतो, तांब्याचा भाव सावरत नाही. तरीही १८३० च्या दशकाच्या अखेरीस लंडनला पाणी पुरवण्यासाठी कॉर्नवॉलच्या धर्तीचे इंजिन बसले, ते या वहीच्या लौकिकामुळेच.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हा प्रयोग आपल्या शाळेला करता येईल. दहा विहिरी निवडा. खोली किती, तासाला तेल किंवा वीज किती, पाणी किती, हे मुलांकडून एकाच मापाने मोजून घ्या आणि चावडीच्या फळ्यावर नावांसह लिहा. मळेवाल्यांची संमती मात्र आधी घ्या. कोणी म्हणेल, माझा आकडा कमी निघाला तर चारचौघांत नाचक्की होईल. कॉर्नवॉलमध्येही कोणाचा तरी आकडा दर महिन्याला सर्वांत खाली असेच. त्याने पुढच्या महिन्यात काय केले, यावर सारे अवलंबून होते.