घरपट्टीतील सूट व तिचा भार : रत्नागिरी जिल्ह्याच्या अनुषंगाने

करमाफीचा इतिहास लिहिताना माफी कोणी जाहीर केली एवढेच बहुधा नोंदले जाते. सोडलेली रक्कम कोणाच्या तिजोरीतून वजा झाली, हा प्रश्न मागे राहतो. घरावरील कराच्या बाबतीत तर तो टाळताच येत नाही. कारण कर वसूल करणारी संस्था आणि सूट जाहीर करणारी सत्ता या गेल्या दीड शतकात परस्परांपासून वेगळ्या झाल्या आहेत. रत्नागिरी जिल्हा या दृष्टीने लक्षणीय आहे. वरकस जमिनीमुळे येथील शेतसारा मुळातच अल्प, घरे मात्र पुष्कळ, आणि घरधन्यांपैकी मोठा वर्ग वर्षातील बहुतेक काळ मुंबईस.

मराठेशाहीत घरपट्टी व मोहतर्फा ही सरकारी येणी होती. नवी पेठ वसवावयाची झाल्यास येणाऱ्या वाणी-उदमी व कारागिरांना कौल देऊन काही वर्षे पट्ट्या माफ करीत. येथे घेणारा आणि सोडणारा एकच असल्याने भाराचा प्रश्न सरळ होता : तूट सरकारची, आणि पेठ भरभराटीस आल्यावर मिळणारा लाभही सरकारचाच. १८१८ मध्ये दक्षिण कोकण कंपनीच्या अमलाखाली आले, तेव्हा हे कर नव्या राज्यकर्त्यांकडे वारसाने आले. पुढे १८४४ च्या १९ व्या कायद्याने मुंबई इलाख्यातील शहरजकाती आणि धंदे-व्यवसायांवरील कर रद्द झाले, व मोहतर्फ्याचा शेवट झाला.

या माफीची भरपाई मात्र मिठातून करण्यात आली. मिठावरील कर मणास आठ आण्यांवरून एक रुपया करण्याचे ठरले. त्याविरुद्ध १८४४ मध्येच सुरतेस मोठा दंगा झाला, आणि मग दर बारा आण्यांवर आणण्यात आला. कंपनीच्या कागदोपत्री ही सुधारणा उदारपणाची ठरली असली, तरी किनाऱ्यावरील मासळी खारविणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने तिचा अर्थ काही निराळाच असला पाहिजे. दुकानदाराच्या पाटीवरचा कर उतरला, तो प्रत्येक घरच्या चुलीपाशी येऊन बसला.

घरावरील कर परत आला तो नगरपालिकांच्या रूपाने. रत्नागिरीची नगरपालिका १८७६ ची. १८७३ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याने, आणि रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर आलेल्या १८८४ च्या कायद्याने, दिवाबत्ती, सफाई, पाणी ही कामे शहराने स्वतःच्या करातून करावी, हे तत्त्व रूढ झाले. स्वराज्याच्या या पहिल्या धड्यात सरकारची सोयही कमी नव्हती. खर्चाचा बोजा इलाख्याच्या तिजोरीवरून उतरून स्थानिक रहिवाशांवर गेला. तेव्हापासून कोणाची घरपट्टी कमी केली, तर तूट पडते ती त्याच गावच्या दिव्यांच्या तेलात. नगरपालिका कायद्यांत रिकाम्या घरास सूट किंवा परतावा देण्याची तरतूद जुनी आहे; तिचाही भार शासन उचलीत नाही.

ग्रामपंचायतींच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र झाली. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने इमारतींवरील कर हे पंचायतीचे प्रमुख साधन ठरविले. शासनाकडून मिळणारे साह्य दीर्घकाळ जमीन महसुलाशी जोडलेले होते, व महसूल अल्प असलेल्या भागांसाठी समानीकरण अनुदानाची योजना करावी लागली. केंद्रीय वित्त आयोगांच्या अनुदानवाटपात लोकसंख्येला मोठे वजन असते. रत्नागिरीची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ वर आली. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या १,१२२ होती. मुंबईस जाण्याची ही परंपरा जुनी : १९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरात बाहेरून आलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांची संख्या सर्वाधिक होती. माणसे गेली तरी घरे उभी राहतात, त्यांच्यापर्यंत जाणारी पाखाडी बांधावी लागते, आणि शिमग्याला व गणपतीला सगळी एकदम उघडतात.

अशा घराला सूट द्यावी काय? क्षेत्रफळावरील आकारणी उच्च न्यायालयाने अमान्य केल्यानंतर, ३१ डिसेंबर २०१५ च्या सुधारित नियमांनी भांडवली मूल्याची पद्धत आणली. तीत बांधकामाचा प्रकार पाहिला जातो व वयानुसार घसारा वजा होतो. जांभ्या चिऱ्याच्या जुन्या घराला त्यामुळे काही सवलत आपोआप मिळते. पण या सवलतीपोटी पंचायतीस वेगळी रक्कम मिळत नाही. ज्या वाडीत बहुतेक घरे जुनीच आहेत, तेथे हे उत्पन्न वाढणार तरी कोठून?

शासनास भरपाई करताच येत नाही, असे मात्र म्हणता येत नाही. १९९९ मध्ये राज्यातील नगरपालिकांची जकात रद्द झाली, तेव्हा त्या उत्पन्नाच्या बदली शासनाने अनुदान देण्यास आरंभ केला. जकात सोडविण्यासाठी व्यापारी वर्गाचा दीर्घकालीन आग्रह होता. घरपट्टीच्या मागे तसा संघटित आग्रह क्वचितच उभा राहिला, आणि दोहोंना मिळालेल्या वागणुकीतील भेदाचे हे एक कारण असावे.

मुंबईत तो आग्रह मतपेटीतून व्यक्त झाला. १ जानेवारी २०२२ रोजी बृहन्मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर पूर्णपणे माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने जाहीर केला. सुमारे १६ लाख घरांना त्याचा लाभ होता, आणि घटीचा बहुतांश भाग महापालिकेच्या उत्पन्नातून गेला. मालमत्ता कराच्या देयकातून वसूल होणाऱ्या शासनाच्या उपकरांचा वाटा त्या मानाने लहान होता. देशातील सर्वांत संपन्न महापालिकेला ही घट सोसवली. परळ-लालबागेतील लहानशा खोलीचा कर ज्या चाकरमान्याला माफ झाला, त्याच्या संगमेश्वर किंवा राजापूरकडील बंद घराची घरपट्टी त्याच वर्षी पंचायतीच्या वहीत नेहमीप्रमाणे मांडली गेली.